आडवं झालेलं झाड पुन्हा उभं करताना

इंदूरला मे अर्धा सरला की चारच्या चहानंतर नजर आपसूक पश्चिमेकडे जाते. आभाळ मातकट पिवळं दिसू लागलं की दोरीवरचे कपडे आत, गच्चीवरच्या कुरडया आत, स्कूटर भिंतीला. मग पंधरा-वीस मिनिटं आंधी, तिच्यामागून टपोऱ्या थेंबांची सर, आणि सगळं शांत झालं की कॉलनीत कुणाच्या तरी अंगणात एक झाड आडवं.

राजेंद्र नगरच्या आमच्या अंगणात हे दोनदा झालं. पहिल्यांदा जाम पडला. (पेरूला इथे जामच म्हणतात, मराठी घरांतही.) दिरांनी उत्साहानं खोडाला दोर बांधला, दुसरं टोक गाडीच्या हुकात अडकवलं, आणि पहिल्या गिअरमध्ये झाड उभं! आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत जमिनीखालून आलेला काडकन आवाज कुणी मनावर घेतला नाही. दसऱ्यापर्यंत त्या जामाचा खराटा झाला. खणून काढला तेव्हा दिसलं की वाऱ्यानं निम्मीच मुळं तोडली होती. उरलेली निम्मी आम्ही तोडली.

दुसऱ्यांदा सात वर्षांचा कलमी केशर आंबा पडला, तेव्हा मी पुन्हा दोर शोधत होते. आमच्याकडे महिन्यातून दोनदा येणारा माळी तेवढ्यात आला आणि म्हणाला, "बाईसाब, आप झाड उठा रिये हो. उठाना मट्टी को हे." पुढचं सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हिशोब करून बघा. मीटरभर रुंद आणि हातभर खोल असा मुळांचा गड्डा मातीसकट उलटतो, तेव्हा त्यात पाव घनमीटरहून जास्त माती असते. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड-पावणेदोन टन, म्हणजे तुम्ही चार-पाच क्विंटल उचलायला निघालेले असता. झाडाचं स्वतःचं वजन त्यापुढे किरकोळ. खालची जागा मोकळी न करता वरून ओढलं तर ते ओझं मुळांवर येतं, आणि मुळं तुटतात.

हात लावण्याआधी

वर बघा. फांदी विजेच्या तारेला टेकलेली असेल किंवा तार झाडाखाली दबली असेल तर जवळ जाऊ नका. १९१२ वर कळवा आणि लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा. ओली फांदी आणि ओली जमीन दोन्हींतून वीज वाहते.

दुसरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. मोठं झाड आडवं झालं की गड्डा एका कडेवर उभा राहतो आणि त्यामागे खड्डा उघडा पडतो. मुलं हमखास त्यात उतरतात. फांद्या कापून शेंड्याचं वजन कमी केलं की तो गड्डा धाडकन पुन्हा जागेवर बसू शकतो, आत कोण आहे हे न बघता. म्हणून करवत चालवण्याआधी खड्डा रिकामा करा आणि गड्ड्याला मागून टेकू द्या. जमिनीवर दाबून वाकलेली फांदीही कापताच स्प्रिंगसारखी उसळते. तिच्या वाटेत उभं राहू नका.

वाचेल का?

खरं उत्तर द्यायचं तर बरीच झाडं वाचत नाहीत. प्रेमापोटी प्रत्येकावर मेहनत करण्यात अर्थ नाही. मी आता चार गोष्टी बघते.

पहिली, जाडी. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ३० सेंमीच्या आसपास असेल, म्हणजे साधारण १० सेंमी जाड, तर दोन-तीन माणसं हे काम करू शकतात. आमच्या केशरचा घेर ३८ भरला. चार माणसं आणि एक चेनपुली लागली. घेर ६० च्या पुढे गेला तर ते अंगणातलं काम राहत नाही. क्रेन लागते, आणि क्रेननं उभं केलेलं झाड पुढच्या आंधीत पुन्हा घरावर येऊ शकतं.

दुसरी, मुळं. झाड ज्या बाजूला पडलं तिकडची मुळं बहुधा वाकलेली पण जिवंत असतात. वारा ज्या बाजूनं आला तिकडची ताणून तुटतात. एकूण मुळांपैकी निदान एक तृतीयांश, शक्यतो निम्मी, अजून जमिनीत असतील तर आशा आहे. सगळीच हवेत असतील आणि माती झडून गेली असेल, तर ते झाड उभं करणं म्हणजे नव्यानं लावणंच. ते लहान रोपालाच झेपतं.

तिसरी, बुंधा. जमिनीलगत उभी चीर गेली असेल, साल सोलून लाकूड फाटलं असेल, किंवा मुळं आत तपकिरी, भुसभुशीत आणि कुबट वासाची असतील, तर मेहनत करू नका. कुजक्या मुळांचं झाड तर वाऱ्यानं पाडलेलं नसतंच. ते आधीच गेलेलं असतं. तोडायचं ठरलं तर नगर निगमाला, म्हणजे महापालिकेला, आधी कळवा. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, आणि अंगण आपलं म्हणून झाड कापायला मोकळीक आहे असं नाही.

चौथी, जात. आंबा, जाम, लिंबू, चिकू, कडुनिंब यांच्यावर मेहनत करावी. पपई पडली की पडली. कच्च्या पपईची भाजी करा. केळ कापून टाका, बाजूचे मुनवे येतातच. शेवगा (आमच्या भाजीवाल्याचा सुरजना) उभा करत बसू नका: बुंधा कंबरेएवढा ठेवून कापा, तो पुन्हा फुटतो, आणि कापलेल्या जाड फांद्यांचे मीटरभर लांबीचे तुकडे जमिनीत रोवले तर त्यांचीही झाडं होतात. मोठ्या गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्याच्याबाबतीत मी हळवी होत नाही.

पहिली रात्र

आंधी संध्याकाळी येते, अंधारात काम होत नाही, मग झाड रात्रभर तसंच पडून राहतं. त्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सकाळी आठनंतरच्या उन्हानं. अन्नपाणी शोषणारी मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात आणि मे महिन्याच्या उन्हात बघता बघता वाळतात. म्हणून त्याच रात्री उघड्या मुळांवर ओली बारदानं टाका. बारदान नसेल तर जुनी चादर, सतरंजी, काहीही. सकाळी पुन्हा भिजवा. गड्ड्याला चिकटलेली माती झटकू नका. मुळांची पकड त्या मातीतच आहे.

कैऱ्या असतील तर सगळ्या काढून घ्या, अगदी बारक्यासुद्धा. आमच्याकडे त्या रात्री अडीच किलो निघाल्या आणि आईनं दुःख बाजूला ठेवून तक्कू करायला घेतला.

खड्डा: खरं काम इथे

लागणारं सामान: पहार (माळी तिला सब्बल म्हणतो), कुदळ, फावडं, दोन घमेली, धारदार करवत, कात्री, बारदानं, नायलॉनची नवार किंवा भंगारातला गाडीचा सीटबेल्ट, दोर, आणि तीन लोखंडी अँगल, प्रत्येकी तीन फुटांचे.

गड्डा उलटतो तेव्हा त्याच्या मूळ जागेत बरीच सैल माती, विटांचे तुकडे, पालापाचोळा घरंगळतो. तो भराव तसाच ठेवून झाड उभं केलं तर गड्डा त्यावर अडतो, पूर्ण खाली बसत नाही, आणि झाड वीतभर उंच व तिरकं राहतं. मग लोक जोर लावतात, आणि पुढे जे आमच्या जामाचं झालं ते होतं. म्हणून आधी खड्डा साफ करायचा. बारदान अर्धवट वर करून, मुळांच्या खाली हात घालून, सैल माती घमेल्यानं बाहेर काढायची. बाहेरची माती एका बाजूला ढीग करून ठेवायची. तीच परत लागणार आहे.

आमच्या माळ्यानं या एका कामाला दोन तास घेतले. मी अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होते; तो पोटावर आडवा होऊन चमच्यानं खणावं तसं खुरप्यानं माती काढत होता. अधूनमधून एखादं अंगठ्याएवढं मूळ हातात घेऊन नखानं साल किंचित खरवडायचा. आत पांढरं-पिवळसर आणि ओलं दिसलं की ते मूळ हळूच वळवून जागेवर. चिंध्या झालेली टोकं मात्र त्यानं करवतीनं सरळ कापली. फाटलेलं मूळ कुजतं, स्वच्छ कापलेल्या मुळाला बाजूनं नवी मुळं फुटतात.

ज्या मुळांना परत आत जायचं आहे त्यांच्यासाठी खड्ड्याच्या भिंतीत चर खणा. मूळ चरात बसलं पाहिजे. दुमडून खाली दाबलेलं मूळ कामाचं नाही.

इंदूरची काळी माती इथे एक घोटाळा करते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्या भेगांत मुळं तुटतात, पहिल्या सरीचं पाणी सरळ त्यांतून खाली उतरतं, माती फुगून लोण्यासारखी होते, आणि नेमका तेव्हाच वारा येतो. झाडं पडतात ती अशी. पण पडल्यावर तीच माती दोन दिवसांच्या उन्हात दगड होते. म्हणून ओल असतानाच काम उरका. कोरडी आंधी झाली असेल आणि जमीन कडक असेल, तर खड्ड्याभोवती संध्याकाळी भरपूर पाणी सोडा आणि सकाळी खणा. उलट, चिखल झाला असेल तर एक दिवस थांबा. चिखल तुडवलेली काळी माती वाळली की मुळांभोवती विटेसारखी बसते.

उभं करणं

दोर खोडाच्या मध्याच्या जरा वर, पहिल्या मजबूत फांद्यांच्या खाली बांधा, आणि खोडाभोवती आधी बारदानाच्या तीन-चार घड्या. उघडा दोर सालीत रुततो. साल गोल सोलली गेली तर मुळं वाचूनही झाड मरेल. दोन माणसं दोरावर, एक खोडाला खालून खांदा देऊन, आणि चौथा माणूस फक्त मुळांकडे बघायला. चौथा सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा शब्द म्हणजे थांबणं.

थोडं ओढा, थांबा, बघा. कुठलं मूळ अडतंय? तिथली माती काढा. पुन्हा थोडं ओढा. चेनपुली असेल तर ती समोरच्या झाडाला किंवा खोल पुरलेल्या खांबाला अडकवा; तिचा फायदा ताकदीपेक्षा संथपणात आहे. बोटभर ओढून थांबता येतं. गाडीला ते जमत नाही, आणि दिरांना तर अजिबात नाही.

कट्ट आवाज आला की थांबायचं. शेवटच्या दहा-पंधरा अंशांना झाड अडलं आणि खाली काढण्यासारखी माती उरली नाही, तर तिथेच सोडा. तिरकं झाड वाढताना शेंडा आपोआप सरळ करतं. आमचा केशर पूर्वेला झुकलेलाच आहे, आणि शेजारच्या काकूंना त्यामुळे भिंतीपलीकडून कैऱ्या मिळतात.

जमिनीची पातळी पूर्वीसारखी ठेवा. खोडावर जुन्या मातीची खूण दिसते, माती तिच्यापर्यंतच भरायची. कलमाचा जोड मातीखाली जाता कामा नये. ढेकळं फोडून, वीतभर थर टाकून, प्रत्येक थरावर पाणी सोडा. पाणी मातीला पोकळीत नेऊन बसवतं. पायानं धमाधम तुडवू नका. भरावात मुरूम, विटांचा चुरा, वाळू मिसळण्याचा मोह आवरा. अशा खड्ड्यात काळ्या मातीचं पाणी येऊन साचतं आणि मुळं गुदमरतात.

ताण

तीन दिशांना तीन ताण. त्यातला एक, सगळ्यात पक्का, वारा येतो त्या बाजूला. आमच्याकडे पश्चिमेला. खुंट मुळांच्या घेराबाहेर, बुंध्यापासून सात-आठ फुटांवर, झाडाच्या उलट दिशेला डोकं झुकवून ठोका. पावसाळ्यात काळ्या मातीतून अँगलही सुरीसारखा निघून येतो. पश्चिमेकडच्या ताणासाठी आम्ही दोन फूट खोल चर खणून मांडीएवढा ओंडका आडवा पुरला आणि दोर त्याच्या मध्याला बांधून वर आणला. तो हलला नाही.

खोडाला लागेल ती रुंद पट्टी हवी: नायलॉनची नवार किंवा सीटबेल्ट. सुती नवार एका पावसाळ्यात कुजते. तार तर नकोच, रबरी नळीत घालूनही नको.

ताण तारेसारखा घट्ट असू नये. खोडाला हातानं ढकललं तर शेंडा थोडा डुलला पाहिजे, बुडाची माती मात्र हलता कामा नये. डुलण्यानंच खोड आणि मुळं जाड होतात. जखडून ठेवलेलं झाड दोर सोडल्यावर पुन्हा पडतं. दोरांना रंगीत चिंध्या बांधा, रात्री कुणीतरी अडखळतंच.

छाटणी, आणि एक वाद

तुटलेल्या, फाटलेल्या, सालीला लोंबणाऱ्या फांद्या काढा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर वेढा असतो, त्याच्या लगत बाहेरून कापा. खोडाशी सपाट नाही आणि खुंटी ठेवूनही नाही.

वाद पुढे आहे. माळ्याला निम्मं झाड उतरवायचं होतं: मुळं कमी, तर पानंही कमी. ऐकायला पटतं. पण नवी मुळं पानांनी केलेल्या अन्नावरच फुटतात. शेंडा सपाट छाटलेलं झाड उरलेली सगळी शिल्लक फुटवे काढण्यात घालवतं. शेवटी आम्ही पश्चिमेकडच्या दाट फांद्या विरळ केल्या, जेमतेम पाव भाग. वारा आरपार जाऊ लागला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट, म्हणून जोराच्या आंधीत एवढ्या विरळणीनंही फरक पडतो.

मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावतात. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिक किंवा मातीच्या भांड्यांत, मग एकत्र ओता. लोखंडी खिळा त्यात क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. उन्हात नव्यानं उघड्या पडलेल्या खोडाला साधा चुना फासा, नाहीतर साल भाजून तडकते.

पाणी आणि खत

पहिल्या दिवशी तीन-चार बादल्या, सावकाश. नंतर रोज पाणी घालणं हीच इथली सर्वात मोठी चूक. काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आत चिखल असतो. पहार वीतभर खोचून बाहेर काढा. टोकाला ओली माती चिकटली तर पाणी नको. आमच्याकडे जूनच्या मध्यापर्यंत पाच-सहा दिवसांनी एकदा पुरलं. पाऊस लागल्यावर उलट काम: बुंध्याशी डबकं साचू नये म्हणून उताराच्या दिशेला चर.

खत? इंदूरमध्ये हा प्रश्न जपून बोलावा लागतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. त्या शहरात कंपोस्ट नको म्हणणं धाडसाचं. पण खड्ड्यात नकोच. जखमी मुळांभोवती कुजणारा माल, त्यात साचणारं पाणी, आणि कुजून बसणारा भराव, तिन्ही घातक. वर पसरा: चांगलं कुजलेलं कंपोस्ट बोटभर, त्यावर दोन-तीन इंच वाळला पाला, बुंध्यापासून चार बोटं दूर. युरिया वर्षभर विसरा.

पुढचे महिने

दहा-पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका. कोवळ्या फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं आहे तोवर झाड आहे. आमच्या केशरला ऑगस्टच्या अखेरीस तांबूस पालवी आली, तीही एकाच फांदीला. पुढच्या जानेवारीत मोहोर आला तो सगळा खुडला. हात धजावत नव्हता, पण त्या वर्षी फळं पोसण्याएवढी मुळं त्याच्याकडे नव्हती. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर लगेच काढा. ते रायवळ असतात आणि वरच्या केशरला मागे टाकतात. बुंध्याशी मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आलीय, मेलेल्या मुळांमुळे ती येऊ शकते.

नवार महिन्यातून एकदा सैल करून जागा बदला. पहिल्या दिवाळीला दोर काढायची घाई होते. पुढच्या मे-जूनची आंधी पार पडू द्या. आम्ही सोळा महिन्यांनी, दुसऱ्या पावसाळ्यानंतर, आधी पूर्वेचा दोर सोडला, महिनाभर बघितलं, मग बाकीचे.

झाड का पडलं, हेही तेव्हाच कळलं होतं. गड्डा उलटला तेव्हा मुळं पिशवीच्या आकारात गोल फिरलेली दिसत होती, सात वर्षांनंतरही. नर्सरीत कलम पिशवीत जास्त दिवस राहिलं की हे होतं. पश्चिमेला आम्हीच फरशी अगदी बुंध्यापर्यंत आणली होती, आणि पाणी रोज बुंध्याशीच घालत होतो, मग मुळांनी दूर जावं कशाला? फरशी आता चार फूट मागे सरकवली आहे. जामाच्या जागी लावलेलं नवं कलम मुद्दाम लहान आणलं, पिशवी फाडून गोल फिरलेली मुळं कात्रीनं उभी चिरली, आणि त्याला पाणी बुंध्यापासून हातभर लांब आळ्यातून देते.

अँगल पहारीनं उपसून काढले. पुरलेला ओंडका तसाच राहू दिला. वरचा दोर मातीलगत कापला.